जुन्या डिझेल गाडीत हवा कुठून शिरते? इंधनाच्या लाइनमधली फट शोधण्याची क्रमवार पद्धत

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, काही सेकंद चालते आणि बंद पडते. मग सेल्फ मारत बसावं लागतं. एकदा अडखळत उचलली की दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या गाडीत सकाळी काहीच होत नाही, पण आयडलिंग वरखाली होतं, चढावर पिकअप पडतो, मध्येच मिसिंग येतं. दोन्हीकडे मेकॅनिक सांगतो, "एअर घेतेय." निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. घोळ होतो तो त्यानंतर. फिल्टर बदलतात, स्क्रू सैल करून हवा काढतात, गाडी दोन दिवस छान चालते आणि पुन्हा पहिले पाढे. हवा काढणं ही दुरुस्ती नाही. हवा शिरण्याची जागा बंद केल्यावर करायचं ते शेवटचं काम आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी केलं जातं.

इथे दिलेली पद्धत मेकॅनिकल फ्युएल पंप असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल (खूप जास्त दाबावर चालणारी नवी इंधनरचना) गाडीत नोझलकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे, जाणाऱ्या पाइपांचा एकही नट सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

## आधी एवढं पक्कं करा: ओल शोधून ही फट सापडत नाही

टाकी खाली आणि मागे, पंप पुढे आणि बहुधा वर. पंप डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. स्ट्रॉला बारीक भोक असलं की सरबत बाहेर गळत नाही, तोंडात हवा येते. इथेही तसंच. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत असतो आणि आत बुडबुडे चाललेले असतात. "कुठेच गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे" हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो.

तुमच्या गाडीत कोणती रचना आहे ते बोनेट उघडून आधी ओळखा, कारण शोधायची जागा त्यावर ठरते.

रोटरी पंप (बॉश व्हीई आणि त्या धर्तीचे): अनेक गाड्यांत वेगळा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा पंप) नसतो. ओढणारा छोटा व्हेन पंप फ्युएल पंपाच्या पोटातच असतो. म्हणजे टाकी, पाइप, फिल्टर आणि पंपाचं तोंड हे सगळं ओढीखाली. फिल्टरसुद्धा.

इनलाइन पंप (नोझलच्या पाइपांची तोंडं एका रांगेत असलेला), किंवा इंजिनवर वेगळा फीड पंप असलेली गाडी: टाकीपासून फीड पंपापर्यंतच ओढ असते. त्यापुढे फिल्टर आणि फ्युएल पंपापर्यंत दाब असतो. त्या भागातली फट गाडी चालू असताना डिझेल बाहेर टाकते, म्हणजे ती डोळ्यांना दिसते.

तिसरी वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती रिटर्न लाइनची. नोझलवरच्या बारीक ओव्हरफ्लो नळ्या आणि टाकीकडे परत जाणारा पाइप. चालू गाडीत त्यांचा त्रास जाणवत नाही. गाडी बंद झाली की पंपातलं डिझेल खाली टाकीकडे सरकायला बघतं. वर कुठेही फट असेल तर तिथून हवा आत येते आणि डिझेल निवांत उतरून जातं. सकाळी पंपात जेवढं उरलंय तेवढ्यावर गाडी सुरू होते, आणि मागची हवा पोहोचली की बंद पडते.

## १. तयारी

घाईत मिळेल ती नळी जोडून केलेली तपासणी नवी फट तयार करते. हे सामान हाताशी ठेवा:

- पारदर्शक नळीचे दोन तुकडे, प्रत्येकी वीत-दीड वीत. आतला व्यास मूळ होजएवढाच हवा. मोठी नळी क्लिपने आवळून बसवली की तिथूनच हवा येते आणि तुम्ही स्वतः केलेल्या दोषामागे फिरत राहता.
- गुळगुळीत पट्टीच्या, फ्युएल होजसाठीच्या क्लिपा.
- पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात स्वच्छ डिझेल, आणि पंपापर्यंत पोहोचतील अशा दोन लांब नळ्या.
- फिल्टरच्या ओ-रिंग (रबरी सीलच्या रिंगा) आणि बँजो बोल्टचे (पाइपचं कडं धरणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, नवे.
- नोझलच्या ओव्हरफ्लो नळीचा तुकडा. स्वस्त वस्तू आहे, आधीच आणून ठेवा.
- शक्य असेल तर मीटर असलेला हातपंप, हवा खेचणारा.
- चष्मा, हातमोजे, ट्रे, चिंध्या, टॉर्च आणि जवळ आग विझवण्याचा सिलिंडर.

टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या आणि गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. फिल्टर, पंप आणि सगळे जोड ब्रशने व चिंधीने साफ करून कोरडे करा. एक म्हणजे पाइप उघडल्यावर माती आत जाणार नाही. दुसरं म्हणजे नंतर कुठे नवी ओल आली तर ती लगेच दिसेल. मळलेल्या, तेलकट इंजिनवर ताजी ओल ओळखता येत नाही.

सावधान: अल्टरनेटर आणि बेल्टवर प्लास्टिक टाका, सेल्फ मारण्याआधी काढा. टायमिंग बेल्टला आणि पाण्याच्या रबरी होजना डिझेल सोसत नाही.

## २. दोष हवेचाच आहे ना?

ही पायरी गाळू नका. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) गेलेली गाडी आणि हवा घेणारी गाडी सकाळी सारखंच नाटक करतात. फरक सायलेन्सरपाशी दिसतो. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मागे उभे राहा.

- सेल्फ फिरतोय आणि पांढरा किंवा राखाडी धूर येतोय: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण पेटत नाही. हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग बघा.
- सेल्फ नीट फिरतोय आणि धुराचा मागमूस नाही: डिझेल पोहोचतच नाही. हवा, बंद पडलेला स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा विजेचा वॉल्व्ह) किंवा चोक झालेली लाइन.
- सेल्फच रेंगाळत फिरतोय: आधी बॅटरी, अर्थ आणि स्टार्टर.

सोलेनॉइड असलेल्या पंपावर चावी ऑन केल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर वायर आणि १२ व्होल्ट येतात का ते तपासा. टाकीचं झाकणही उघडून बघा. झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वासमार्ग बंद आहे. ही हवेची गळती नाही, पण लक्षणं अगदी तशीच असतात.

एक फुकटची चाचणी: एक रात्र गाडी नाक उताराकडे करून लावा, दुसऱ्या रात्री नाक चढाकडे करून. उताराकडे लावल्यावर सकाळी झटकन सुरू होते आणि चढाकडे लावल्यावर त्रास देते, तर उभ्या गाडीत डिझेल मागे उतरतंय हे जवळजवळ नक्की.

नोंद करा: त्रास फक्त सकाळी आहे, की चालतानाही? टाकी कमी भरलेली असताना वाढतो का? या दोन उत्तरांनी पुढचं निम्मं काम वाचतं.

## ३. हात लावून पाहणी, पण काहीही न आवळता

टाकीपासून पंपाकडे क्रमाने या. इथली सर्रास चूक म्हणजे पान्याने प्रत्येक क्लिप थोडी थोडी आवळत जाणं. त्याने दोष गेला तर कशामुळे गेला हे कळत नाही, तात्पुरता दबला असेल तर पुन्हा येतो, आणि प्लास्टिकचा पाइप किंवा जुना होज जास्त आवळल्याने चिरतो. पाहायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच.

रबरी होज क्लिपच्या लगत बोटांनी वाकवा. चांगला होज दबतो आणि परत येतो. म्हातारा झालेला होज लाकडासारखा टणक लागतो, आणि वाकवल्यावर बाहेरच्या वळणावर बारीक आडव्या चिरा उघडतात. सरळ असताना त्या दिसत नाहीत. वरून जाळीदार सुताचं आवरण असलेल्या नळ्यांत तर रबर कुठे फाटलंय हे दिसतच नाही. अशा नळ्यांची टोकं बघा, तिथे सूत डिझेलने काळपट ओलं झालेलं असतं.

लोखंडी पाइप गाडीखाली जिथे क्लॅम्पने चेसिसला धरलेला असतो, तिथे क्लॅम्प काढून बघा. पाणी आणि माती तिथेच साचते. वरून रंग शाबूत आणि क्लॅम्पखाली गंजाने सुईएवढी भोकं, हे जुन्या गाड्यांत नेहमी सापडतं.

फिल्टरजवळ हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप) असेल तर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, तो एकदा दाबा. पहिल्याच दाबाला टणक लागला तर लाइन भरलेली आहे. पोकळ लागला आणि बऱ्याच दाबांनंतर भरला तर रात्रीत डिझेल उतरलंय. प्रायमर कधीच टणक होत नसेल तर त्याचा आतला वॉल्व्ह गेलाय, किंवा फट त्याच्या मागेच आहे.

## ४. पारदर्शक नळी: सगळ्या शोधाचा कणा

एक तुकडा फिल्टरच्या आधी टाका, दुसरा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये. मूळ होज कापू नका, काढून त्या जागी लावा. नळी सायलेन्सर मॅनिफोल्ड, पंखा आणि बेल्टपासून दूर बांधा.

नळी बसवताना हवा आत जाणारच. म्हणून लगेच निकाल काढायचा नाही. प्रायमर मारून गाडी सुरू करा, १० मिनिटं चालू द्या, मधूनमधून रेस द्या. मग बघा.

बुडबुडे कसे वाचायचे

नळीच्या उंच वळणावर एक मोठा बुडबुडा बसून राहिलाय, हलत नाही, वाढत नाही: ही अडकलेली हवा आहे, गळती नाही. नळी हलवून तो पुढे जाऊ द्या. परत जमला नाही तर विषय संपला.

एका ठरावीक लयीत बारीक बुडबुड्यांची रांग येत राहते: फट आहे. रेस वाढवल्यावर रांग दाट होते, कारण पंप जास्त जोराने ओढतो.

जास्त रेसवर डिझेल दुधट, फेसाळ दिसतं आणि आयडलवर साफ होतं: इथे थांबून विचार करा. डिझेलमध्ये मुळात थोडी हवा विरघळलेली असते. फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोक असेल तर ओढ इतकी वाढते की तीच हवा फेस होऊन बाहेर येते. अशा गाडीत फट शोधत बसलात तर ती सापडणार नाही, कारण ती नाहीच. उलटही खरं आहे: चोक झालेला फिल्टर ओढ वाढवतो आणि एरवी त्रास न देणारी बारीक फट हवा घ्यायला लागते. म्हणून फिल्टर कधी बदललाय हे माहीत नसेल तर चाचणीआधी नवा टाकणं योग्य. ती दुरुस्ती म्हणून नव्हे, एक शंका बाजूला काढण्यासाठी.

निकाल कसा लावायचा

- फिल्टरच्या आधीच्या नळीतच बुडबुडे: फट टाकी आणि त्या नळीच्या दरम्यान.
- आधीची साफ, नंतरच्या नळीत बुडबुडे: फिल्टरचं हेड (फिल्टर ज्याला बसतो तो वरचा भाग), त्याचे जोड, प्रायमर किंवा पाण्याचा कॉक.
- दोन्ही साफ, गाडी दिवसभर ठीक, फक्त सकाळी त्रास: पंपाचे सील, ओव्हरफ्लो नळ्या किंवा रिटर्न.

फीड पंप असलेल्या गाडीत फिल्टरआधीची नळी फीड पंपाच्या आधी लावा. नंतर लावली तर ती दाबाखाली येते आणि ओढीच्या भागाबद्दल नीट काही सांगत नाही.

सावधान: साधी पीव्हीसी नळी डिझेलने कडक होते आणि उष्णतेने मऊ पडून सुटू शकते. ती तपासणीपुरतीच. "दिसत राहतं म्हणून" कायम ठेवलेल्या अशा नळ्या पुढे स्वतःच हवा घेऊ लागतात.

## ५. कॅनची चाचणी: लाइनचे दोन तुकडे करा

नळीने दिशा दाखवली, कॅन ती पक्की करतो. टाकीकडून येणारा होज फिल्टरपाशी काढून बूच लावा. फिल्टरच्या तोंडाला कॅनमधली नळी जोडा. रिटर्नही काढून त्याच कॅनमध्ये सोडा. तो टाकीतच राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो, कारण पंप जेवढं जाळायला लागतं त्याहून पुष्कळ जास्त डिझेल फिरवतो.

या चाचणीत तीन गोष्टी हमखास चुकतात.

कॅनची उंची. कॅन बोनेटवर किंवा बॅटरीवर ठेवला तर डिझेल वजनानेच पंपात उतरतं, ओढ राहत नाही, आणि फट असूनही गाडी फर्स्टक्लास चालते. मग टाकीला दोष दिला जातो. कॅन जमिनीवर, म्हणजे टाकीइतक्या खालीच ठेवा.

नळ्यांची टोकं. दोन्ही टोकं डिझेलमध्ये बुडालेली हवीत. रिटर्नचं टोक वर लोंबत राहिलं तर गाडी बंद केल्यावर तिथूनच हवा वर चढते.

वेळ. तक्रार सकाळची असेल तर दहा मिनिटांच्या चाचणीला अर्थ नाही. कॅन जोडूनच गाडी रात्रभर उभी ठेवा. झाकणाशी चिंधी बांधा म्हणजे धूळ जाणार नाही. अशी जोडलेली गाडी रस्त्यावर मात्र काढू नका.

कॅनवर दोष गेला तर तो टाकी ते फिल्टर या पट्ट्यात किंवा रिटर्नमध्ये आहे. पुढच्या रात्री फक्त रिटर्न परत टाकीकडे जोडा. दोष परतला तर रिटर्न, नाहीतर पुढे येणारा पाइप. कॅनवरही दोष राहिला तर फिल्टर वगळून कॅन थेट पंपाला जोडा, मध्ये एक छोटा इनलाइन फिल्टर टाकून. आता साफ चालली तर फिल्टरचं हेड धरा. तरीही त्रास असेल तर पंप किंवा नोझलच्या नळ्या.

तपासा: एका वेळी एकच बदल केलात ना? दोन जोड एकदम बदलले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

## ६. नेमकी जागा

फिल्टरचं हेड. सगळ्यात जास्त फटी इथे सापडतात, कारण याच जोडाला वारंवार हात लागतो. जुनी ओ-रिंग हेडलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. दोन ओ-रिंग एकावर एक म्हणजे हवा येणारच. काढलेली ओ-रिंग बोटांवर फिरवून बघा. गोल असायला हवी ती एका बाजूने चपटी, चकचकीत झालेली असेल तर ती सील करत नव्हती. हवा काढायच्या स्क्रूखालचा वॉशर, तळाचा पाण्याचा कॉक, पाण्याच्या सेन्सरची रिंग आणि प्रायमरचा दांडा या चारही जागा बघा. काही फिल्टरांवर क्लिपने बसवलेला गरम रिटर्नचा टी-जोड असतो. त्याला दोन बारीक ओ-रिंग असतात आणि फिल्टर बदलताना त्या हमखास विसरल्या जातात.

टाकीतलं युनिट. टाकी निम्म्याखाली गेली की त्रास, भरली की गायब: आतल्या पिकअप पाइपला चीर आहे, किंवा टाकीच्या वरच्या बाजूचा होज गेलाय. डिझेलची पातळी चिरेच्या वर असेपर्यंत ती चीर डिझेलच ओढते, पातळी खाली गेली की हवा.

नोझलच्या ओव्हरफ्लो नळ्या. शेवटच्या नोझलवरचं बंद टोपण आधी बघा. छोटंसं रबर, उष्णतेने फुटतं. नोझलांच्या डोक्यावर ओल किंवा तेलकट धूळ दिसली तर सगळ्या नळ्या एकदम बदला. एकच बदलून उरलेल्या ठेवू नका, त्यांचं वय सारखंच असतं.

पंपाचे सील. रोटरी पंपाचं पोट गाडी चालू असताना दाबाखाली असतं. त्यामुळे फुटका सील चालताना डिझेल बाहेर टाकतो आणि उभं राहिल्यावर हवा आत घेतो. अॅक्सिलरेटर लिव्हरच्या दांड्याशी, वरच्या झाकणाच्या कडेला, आणि पुढच्या बाजूला पुलीमागे बोट फिरवा. गाडी चालू असताना लिव्हर हलक्या हाताने आडवा ढकला. दांड्याशी डिझेल चमकलं तर तिथली ओ-रिंग किंवा बुशिंग गेलंय. पुलीमागे मात्र चालू गाडीत हात घालायचा नाही. जुने नायट्राइल रबराचे सील कमी सल्फरच्या डिझेलवर आक्रसतात, तेव्हा बदलताना व्हिटॉनचे (डिझेल सोसणारं वेगळं रबर) मागा. पुढचा शाफ्ट सील बदलायला पंप उतरवावा लागतो आणि टायमिंग पुन्हा लावावं लागतं. ते काम पंपवाल्याचं.

## ७. अजून सापडत नसेल तर: दाब आणि ओढ

ओढीखाली लपणारी फट दाबाखाली बोलते. कॅन आता मुद्दाम वर, पंपापेक्षा साधारण एक मीटर उंच धरा आणि त्याची नळी संशयित भागाला जोडा. एवढ्या उंचीने जेमतेम ०.०८ बार दाब मिळतो. म्हणून घाई नको. जोडांना पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा आणि तासाभराने बघा. ओला झालेला कागद जागा दाखवतो.

हवेने दाब द्यायचा असेल तर टाकीकडचं टोक काढून बूच लावा आणि हवा भरणाऱ्या, मीटर असलेल्या हातपंपाने ०.२ ते ०.३ बारपर्यंतच द्या. जोडांवर साबणाचं पाणी लावा. टाकीला हवा मारायची नाही. मोठा कॉम्प्रेसर थेट जोडायचा नाही. सील उडतात आणि नव्या फटी होतात.

काही सील दाबाने घट्ट बसतात आणि ओढीनेच उघडतात. त्यासाठी उलट करा. लाइनचा एक भाग दोन्ही टोकांनी बंद करून हवा खेचणाऱ्या हातपंपाने ०.३ ते ०.४ बार ओढ द्या आणि ५ मिनिटं काटा बघा. काटा पडत असेल तर भाग निम्मा करा, पुन्हा बघा. असं करत गेलं की शेवटी एकच जोड हातात उरतो.

हाच मीटर टी-जोडाने पंपाच्या तोंडाशी लावला तर चोकही पकडता येतो. आधी कॅनवर गाडी चालवून काटा वाचा, मग टाकीवर. टाकीवर ओढ बरीच जास्त दिसली तर पाइप दबलाय किंवा टाकीतली जाळी भरलीय.

## ८. दुरुस्ती

होज बदलताना डिझेलसाठीचाच घ्या. पाण्याचा किंवा हवेचा होज दिसायला सारखा असला तरी आतून फुगतो आणि सोलतो. पाइपचं टोक बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा. लांबीच्या दिशेने घासलं तर पडलेला ओरखडा हवेसाठी सरळ वाट होतो. क्लिप पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसवा, टोकावर नाही. बँजोला दोन वॉशर लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक पाइपच्या कड्याखाली. दोन्ही नवे.

वन-वे वॉल्व्ह टाकून दोष झाकण्याचा मोह होतो. डिझेल मागे उतरत नाही, सकाळी गाडी सुरू होते, पण फट तिथेच असते. चालताना ती हवा घेतेच, आणि वॉल्व्ह स्वतः ओढीला अडथळा करतो. मूळ रचनेत नसेल तर टाकू नका.

## ९. आता हवा काढा

नवा फिल्टर भरून बसवायचा असेल तर डिझेल कडेच्या छोट्या भोकांतून ओता. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं.

क्रम असा:

1. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारा. फेस जाऊन सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू बंद करा. रबरी फुग्याचा प्रायमर बाण वर करून उभा धरा.
2. पंपाच्या तोंडाशी तेच करा.
3. सेल्फ मारा. एका वेळी १० ते १५ सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. सलग मारला तर स्टार्टर जळतो.
4. तरीही सुरू झाली नाही तर नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल झिरपलं की आवळा. बहुतेक गाड्यांत ही वेळ येत नाही.

सावधान: चौथ्या पायरीत चष्मा हवाच, आणि नटाजवळ हात नाही. या पाइपांत शंभर बारच्या वर दाब येतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

## १०. खात्री

पारदर्शक नळ्या अजून काढू नका. गाडी गरम होईपर्यंत चालवा, रेसवर नळी बघा, मग रात्रभर उभी ठेवा, शक्यतो नाक चढाकडे करून. सकाळी आधी नळीत बघा, मग प्रायमर दाबून बघा, मग सेल्फ. टाकीच्या युनिटवर काम केलं असेल तर डिझेल निम्म्याखाली येईपर्यंत निकाल पक्का धरू नका.

सगळं ठीक असेल तर नळ्या काढून मूळ जागी नवे होज आणि नव्या क्लिपा लावा, हवा काढा आणि आणखी एक रात्र तीच तपासणी करा. नळी काढताना तुम्ही चार जोड नव्याने उघडलेत, आणि आता तिथे आत बघायला खिडकी नाही.